उंच फळी

रूपराव पवनारच्या शेतकरी घरातले. मुंबईहून आर्किटेक्ट होऊन आले आणि दहा वर्षांत त्यांनी वर्ध्याचा तोंडवळाच बदलला. सपाट छपरं, सिमेंटच्या जाळ्या, उभ्यानं स्वयंपाक करायचे ओटे, सगळं त्यांनीच आणलं. १९७७ साली सेवाग्रामच्या वाटेवर त्यांची चाळीस घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा एक घर दाखवायला ते बायकोला, कोकिळेला, घेऊन गेले.

ओटा कोकिळेच्या छातीला लागला. वरच्या फळीला हात पोचेना.

"हे कोनाच्या मापानं केलं?"

"बाईच्या," रूपराव म्हणाले आणि फळीकडे बघून हसले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिच्याकडे बघून ते असं कधी हसले नव्हते.

ती उंच बाई कोकिळेला सलत राहिली. तिनं त्यांचे खिसे तपासले, नागपूरहून आलेली पत्रं वाचली. काही सापडलं नाही. मग नकाशे उलगडले. प्रत्येक स्वयंपाकघरात एक बाई काढलेली होती. पाठमोरी, कमरेपर्यंत वेणी, हात फळीवर.

"मापासाठी काढा लागते," रूपराव म्हणाले आणि नकाशा गुंडाळून घेतला.

लोक राहायला आल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती वसाहतीत घरोघर हिंडली. उंच बाई कुठंच दिसली नाही. पण एका घरात शालूबाईनं फळीवरचा डबा सहज खाली घेतला. पूर्वी बाजारात भेटायची, तेव्हा ती कोकिळेच्या खांद्याला लागायची.

"तुमचा हात पुरते?"

"पयले नव्हता पुरत."

"मंग आता काऊन?"

शालूबाईनं तिळगूळ तोंड न वळवताच, हात मागं करून दिला.

घरी येताच कोकिळा म्हणाली, "मले बी तिथंच घर पाह्यजे."

"तुले हेच बरं हाय."

"मले तिथंच राहाचं हाय."

ती हटली नाही. उन्हाळ्यात ते तिथं राहायला गेले.

पावसाळा सरेपर्यंत तिची लुगडी आखूड पडू लागली. घोटे उघडे दिसत. आरशात चेहरा बघायला वाकावं लागे. तिला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

एका दुपारी तिचा हात फळीला टेकला.

दारात रूपराव येऊन थांबले. बराच वेळ बघत राहिले. ते हसत असणार, हे तिला न बघताही कळलं. इतक्या वर्षांची जळजळ निवली.

ती वळणार, तोच ते अगदी जवळ आले.

"हळू," ते कुजबुजले. "कोकिळा घरातच हाय."