एकाच पायाचा बूट

ओली छत्री त्यानं नेमकी तिच्याच खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि वर तिलाच विचारलं, “ही छत्री तुमची का हो?”

“नाही. तुमची आहे. आत्ताच अडकवलीत.”

“अरेच्चा! मग मी इथंच बसतो. छत्रीपासून लांब गेलो की ती विसरूनच जातो.”

आणि बसलासुद्धा. तिच्या शेजारी, भिजलेल्या बाह्या दुमडत. जपानीच्या वर्गाचा तो पहिला दिवस. बाहेर पाऊस बारीक पडत होता, खिडकीच्या काचेवरून ओघळत होता. अर्धा वर्ग रिकामा असताना हा इथंच का बसला, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हाच उभा राहिला. त्यात तिचा काही दोष नाही. प्रश्न उभे करण्याचाच तर तिला पगार मिळायचा.

ती विमा कंपनीत दावे तपासायची. आग खरंच लागली की लावली, गाडी खरंच घसरली की घसरवली, हे शोधायचं काम. दिवसभर लोक तिच्यासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून थापा मारायचे. घरी वहिनी तिला ‘फौजदारीण’ म्हणायची. दूधवाल्याचाही जबाब घेतात आमच्या वन्सं, असं म्हणायची. जपानी शिकायचं तिनं ठरवलं त्यामागं एकच कारण होतं. ज्या भाषेतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्या भाषेत कुणी खोटं बोललं तरी कळणार नाही! आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी डोक्याला आराम.

पण जित्याची खोड! दुसऱ्याच तासाला सेन्सेईंनी जोड्या लावल्या. सेन्सेई म्हणजे गुरुजी, पण या होत्या ठेंगण्याशा, कडक बाई. वर्गात मराठीचा एक शब्द चालायचा नाही.

“वाताशी वा इशा देस,” छत्रीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. मी डॉक्टर आहे.

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत पांढरी भुकटी. अंगठ्यावर जुना काप. डॉक्टर? बरं, असेल.

पुढच्या आठवड्यात तो शिक्षक होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका कंपनीत नोकरीला होता. एका तासाला त्याला दोन थोरले भाऊ होते. पुढच्या तासाला दोघांचा पत्ता नाही, त्यांच्या जागी एक धाकटी बहीण. आणि हे सगळं कसं? तर घडाघडा, हसत, एकदाही न अडखळता.

ती मात्र सगळं खरं सांगायची. भावाकडे राहते. गोड आवडत नाही. रविवारी काय करता? झोपते. यावर अख्खा वर्ग हसला. तो हसला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला... आणि तिला उगीचच ओढणी सावरावीशी वाटली.

मधल्या सुट्टीत तो दोन पेले घेऊन आला. “तुमचा बिनसाखरेचा चहा.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“वर्गात म्हणालात ना. खरं असेल असं वाटलं नव्हतं, पण म्हटलं, धोका पत्करू.”

“खरं असेल असं का नाही वाटलं?”

“वर्गात कोण खरं बोलतं?” तो हसून म्हणाला आणि चहा फुंकायला लागला.

झालं! पाणी मुरतंय, आणि तेही इतक्या राजरोस? तिला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. कारण चहा अगदी तिला हवा तसा होता, आणि वर्गाच्या दिवशी हल्ली ती आरशासमोरून लवकर हलत नव्हती.

हे वहिनीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. “वन्सं, जपानी शिकायला केस धुवावे लागतात का हो?”

“वहिनी, तो माणूस खोटारडा आहे.”

“कोणता माणूस?” वहिनीनं हातातलं काम खाली ठेवलं. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लग्न झालंय का, एवढंच विचारायचंय ना तुम्हाला? मग विचारा की सरळ.”

“सरळ विचारलं की माणूस सावध होतो.”

“सावध झाला तर झाला! तुमच्यासारखं करत बसलं, तर म्हातारा होईल तो.”

वहिनीचं बरोबर होतं. पण वहिनीचं ऐकेल तर ती फौजदारीण कसली?

आणि मग तो बूट पडला. वर्ग सुटताना त्यानं पिशवी उचलली, तर पिशवीच्या तोंडातून एक बूट निसटून थेट तिच्या पायाशी आला. लहान मुलीचा. लाल, बक्कलवाला. एकच. त्यानं तो पटकन उचलला, टाचेवरून बोट फिरवलं, आणि अगदी जपून पिशवीत ठेवला. अनोळखी पोरीच्या बुटावरून असं बोट कोणी फिरवत नाही.

त्या संध्याकाळी ती त्याच्या मागं गेली. कामासाठी कितीतरी लोकांच्या मागं गेली होती, त्यामुळे पाय आपोआप पडत होते. छाती मात्र कधी अशी धडधडली नव्हती. तीन गल्ल्या ओलांडून तो एका पिवळ्या दारापाशी थांबला. दार एका बाईनं उघडलं. तरुण होती, थकलेली होती, पण त्याला बघताच तिचा चेहरा फुलला.

“आलात एकदाचे! कधीची दाराकडे डोळे लावून बसलीय.”

आतून एका मुलीची आरोळी, “आले, आले!” तो हसत आत गेला. दार लागलं.

समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली ती उभी राहिली. पाऊस वाढला. एरवी प्रकरण असं उलगडलं की तिला कसं हलकं वाटायचं. आज रडू येत होतं. आवडला होता तो तिला! आता कळून काय उपयोग?

पुढच्या तासाला ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. सुट्टीत तो पेले घेऊन आला, तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

“काय झालं?”

“मुलीला बूट आवडला?”

“कोणाच्या मुलीला?”

“तुमच्या. पिवळ्या दाराच्या घरातल्या.”

त्याचं हसू हळूहळू मावळलं. “तुम्ही... माझ्या मागं आलात?”

“कामाची सवय,” ती म्हणाली.

“मी तुमचं काम आहे?”

त्यानं पेले खिडकीत ठेवले आणि खिशातून एक छापील कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. “हा माझा पत्ता. शनिवारी या. मी आपण होऊन बोलावतोय, म्हणजे भिंतीआडून बघायला नको.”

शनिवारी जाऊ की नको करत ती गेलीच. दार ढकललं आणि जागच्या जागी उभी राहिली. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर पावलं. मोठी, छोटी, डावी, उजवी, सगळी ओळीनं मांडलेली. हवेत प्लास्टरची पांढरी भुकटी. मध्यभागी दोन आडव्या दांड्या धरून एक मुलगी उभी होती. तिचा एक पाय गुडघ्याखाली नवा होता, आणि त्यावर तो लाल बूट. तो तिच्यापुढं गुडघे टेकून बसला होता. पिवळ्या दारातली बाई भिंतीला टेकून श्वास रोखून बघत होती.

“टाच टेकव. शाब्बास! आता हात सोड.”

मुलगी दोन पावलं चालली. तिसऱ्याला तिची आई रडायलाच लागली.

“या कोण?” मुलीनं विचारलं.

“वर्गातल्या आहेत,” तो वर न बघता म्हणाला. “यांचं फार बारीक लक्ष असतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फौजदारणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मायलेकी गेल्यावर त्यानं स्टूल पुढं सरकवलं. “बुटाची टाच किती उंच आहे त्यावर पाऊल बेतावं लागतं. म्हणून बूट आधी मागून घेतो, मग परत नेऊन देतो. ज्यांचा गुडघाही गेलेला असतो, त्यांच्यासाठीचे सांधे जपानहून येतात. सोबतचा माहितीचा कागद वाचता यावा म्हणून शिकतोय.”

“मग डॉक्टर, शिक्षक... ते कशाला?”

“अहो, कृत्रिम पाय बनवतो हे मराठीत सांगितलं तरी लोकांचे चेहरे उतरतात. जपानीत त्याला शब्द कुठून आणू? धड्यात डॉक्टर होता, मी डॉक्टर झालो.”

“आणि भाऊ? बहीण?”

“कोणी नाही. एकटा आहे. पण शब्द पाठ करायचे तर भाऊ हवेत, बहीण हवी. माझ्या खऱ्या आयुष्याला फार थोडे शब्द लागतात हो.” तो थांबला. “तुम्हीही तसंच करत होता ना? रविवारी झोपते वगैरे?”

“मी एकदाही खोटं बोलले नाही.”

“एकदाही?” तो बघतच राहिला. “मला वाटलं, आपण दोघं खेळतोय.”

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं.”

“मागं आलात त्याचं एवढं नाही. पण उद्या मला तुम्हाला काही खरं सांगायचं झालं, तर तुम्ही ते ऐकणार थोड्याच? तपासणार.”

ती उठली आणि भिजत घरी गेली. दोन दिवस तेच एक वाक्य तिचा पिच्छा पुरवत होतं. हा माणूस पुन्हा कधी काही खरं सांगायला येणारच नाही, अशी तिची खात्री झाली होती.

पुढच्या तासाचा धडा आवडीनिवडीचा होता. सेन्सेईंनी जोड्या लावल्या, आणि त्यांना कोणाच्या रुसव्याफुगव्याशी काय देणंघेणं? दोघं पुन्हा समोरासमोर.

कुत्रा आवडतो का? आवडतो. पाऊस आवडतो का? तिनं खिडकीकडे बघत सांगितलं, आवडतो. मग त्यानं पेन्सिल खाली ठेवली. पुस्तक मिटलं.

“आनाता गा... सुकी देस.”

तुम्ही मला आवडता.

तिच्या मनात नेहमीची पलटण उभी राहिली. धडाच आवडीनिवडीचा आहे. सराव असेल. मागं डॉक्टर झाला होता, आज प्रेमात पडला असेल! घटनास्थळ नाही, साक्षीदार नाही, हे तपासायचं कुठं? आणि मराठीत विचारायची सोय नाही, सेन्सेई दोनच बाकं सोडून उभ्या होत्या. मग सेन्सेई तासभर जे म्हणायच्या तेच ती म्हणाली.

“मोऊ इचिदो.” पुन्हा एकदा.

त्यानं तोंड उघडलं. “आ... आना...” आणि गाडी अडली. घडाघडा डॉक्टर होणारा, घडाघडा शिक्षक होणारा हा माणूस, कानाच्या पाळ्या लाल करून बाकाकडे बघत बसला. रचलेला जबाब दुसऱ्या खेपेला शब्दाला शब्द तसाच येतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हा पुरावा तिला पुरेसा होता. पण खरं सांगायचं तर, तो अडखळायच्या आधीच तिनं विश्वास ठेवून टाकला होता. पुन्हा म्हणायला लावलं ते नुसतं ऐकायची हौस म्हणून.

त्यानं घाबरत घाबरत मान वर केली. ती उत्तर द्यायला गेली. “वाताशी...” आणि पुढचा शब्द तिलाही आठवेना. इतका सोपा शब्द, आणि आठवेचना!

मग तिनं वर्गाचा नियम मोडून सरळ मराठीत सांगितलं, “मलाही तुम्ही आवडता.”

जरा मोठ्यानंच. सगळा वर्ग वळून बघायला लागला.