हवा बरी नाही

“माझ्या मढ्यावरून जा आणि मग उडव तुझं विमान!”

भावजयीनं लेकीसमोर दार अडवलं, आणि तिचा थोरला दीर कोपऱ्यातून पाहत राहिला. समोर छकुली उभी होती... एकोणीस वर्षांची त्याची पुतणी, आठ महिने आईला चोरून विमान उडवायला शिकलेली, आज पहिल्यांदाच डोंगरापलीकडच्या धावपट्टीपर्यंत एकटी विमान घेऊन जाणार असलेली!

“आई, विमानं अशी उठसूट पडत नाहीत गं!”

“तुझ्या बाबांचं पडलं ना? सगळं जग सांगतंय, ती छोटी विमानं म्हणजे हवेत सोडलेल्या काडेपेट्या! आणि ज्यांनी ती तपासून दिली...” तिची जळजळीत नजर दिराकडे वळली.

त्यानं मान खाली घातली. अकरा वर्षं तो ती तशीच घालत आला होता. विमानदुरुस्तीचं जीव की प्राण असलेलं काम सोडून तो पाण्याचे पंप दुरुस्त करत होता. ‘यानंच स्क्रू ढिला ठेवला म्हणे’ अशी कुजबुज कानावर आली, तरी त्यानं कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

“बाबा कुठल्याही हवेत उडायचे!” छकुली उसळली. “यंत्रानं दगा दिला म्हणून... नाहीतर! मी त्यांचीच मुलगी आहे. एवढ्याशा ढगांना मी भीक घालत नाही!”

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरमाथे ढगांत पार बुडाले होते... अगदी त्या दिवसासारखे! गेलेल्या भावाची अब्रू राखायची, की त्याची लेक?

“यंत्रानं दगा दिला नव्हता!” तो पुढे झाला. “मी पंख धरून उभा होतो गं! म्हटलं, ढग खाली आलेत, थांब. ‘दादा, म्हातारा झालास,’ म्हणून हसला आणि गेला... ढगात वाट चुकून डोंगरावर आदळला. इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं. घरी आलेला अपघाताच्या चौकशीचा अहवाल मीच दडवला!”

भावजय त्याच्याकडे वळली. “मग तुम्ही... माझे शिव्याशाप...?”

“तू दिवसभर त्याच्या फोटोशी बोलायचीस. त्याची चूक कोणत्या तोंडानं सांगणार होतो? विमान वाईट, हे सगळ्यांना आधीच पटलेलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं...”

ती त्याचे हात कपाळाला लावून हमसाहमशी रडू लागली. “भाऊजी, या हातांना मी खुनी म्हटलं हो...!”

छकुलीनं विमान शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. “सर, मी आज उडत नाही. हवा बरी नाही.”

हेच शब्द भावाच्या तोंडून ऐकायला त्यानं त्या दिवशी प्राणही दिले असते!

बऱ्याच वेळानं भावजयीनं डोळे पुसले. “हवा निवळली की... हिचं विमान तुम्हीही एकदा तपासून बघाल?”

त्यानं होकारार्थी मान हलवली, आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो माणूस त्या दोघींसमोर ढसढसा रडला.