आंबलेले दात

"माझ्या बायकोवर आळ आलाय," आलेला तरुण खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाला. "बाबांच्या दातांची पार वाट लागलीये. ताई म्हणते, सुनेनंच दंतमंजनात काहीतरी कालवलं. संध्याकाळपर्यंत ती घराबाहेर पडली नाही, तर ताई पोलिसांत जाणार."

वकिलांनी कान टवकारले. वकिली काही चालेना, म्हणून ते खासगी तपास करणाऱ्या भिंगबाईंच्या मागे हिंडत आणि दर प्रकरणात बाईंच्या आधी गुन्हेगार पकडत. आजवर त्यांचा एकही गुन्हेगार खरा निघाला नव्हता, पण उत्साह म्हणाल तर तसूभर कमी नाही.

तरुणाचं घर दुमजली होतं. खाली शिलाईचं दुकान, वर बिऱ्हाड. दाराशी सुनेची बॅग भरून ठेवलेली. मास्तर, म्हणजे तरुणाचे वडील, खिडकीपाशी कोटाला काजं करत बसले होते.

"आ करा," बाई म्हणाल्या.

आरसा, टॉर्च, भिंग. मग त्यांनी वकिलांना डोकावायला लावलं. समोरून दात ठीक होते. वरच्या दातांची आतली बाजू मात्र खोलगट, गुळगुळीत झालेली. इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण कवच, विरून आतला पिवळा थर दिसत होता. कोटाचं कापड विरून अस्तर दिसावं तसा.

"त्रास कधी होतो?"

"सकाळी. उठल्या उठल्या दात आंबलेले असतात, लिंबू चोखल्यासारखे. मग मी लगेच खसाखसा घासतो."

"आंबट खाता?"

"नावालासुद्धा नाही."

"सापडलं!" वकील ओरडले. "मास्तर दातांनी दोरा तोडतात!"

"दोऱ्यानं दाताच्या कडेला खाच पडते, वकीलसाहेब. दाताच्या मागच्या बाजूला खड्डा कसा पडेल?"

"आणि मी दोरा कात्रीनंच तोडतो," मास्तर म्हणाले. वकिलांचा चेहरा पडला.

तेवढ्यात ताई दोन डबे घेऊन तरातरा आली. एकात मंजन, दुसऱ्यात खाण्याचा सोडा. दुसरा रिकामा.

"बघा! सोडा आणला की संपतो. जातो कुठे? मंजनात!"

"मंजन कोण कोण वापरतं?"

"बाबा आणि ही."

बाई सुनेकडे वळल्या. "जरा हस बघू."

"हसण्यासारखं राहिलंय काय?" सून म्हणाली, पण तिनं दात दाखवले. सगळे धडधाकट. "मंजन मी करते. सोडा मी घालत नाही. तो कुठे जातो, मला खरंच ठाऊक नाही."

मास्तरांनी मान वर केली नाही.

त्यांच्या खोलीत बघण्यासारखं फारसं नव्हतंच. पलंगाचे उशाकडचे दोन पाय लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले होते. "पाठीसाठी," मुलगा म्हणाला. शेजारच्या पेल्याच्या तळाशी पांढरा साका वाळला होता. बाईंनी त्याला बोट लावून चाखलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"मंजनात काही असतं तर सुनेचेही दात गेले असते. आणि सोडा तर आम्लाचा वैरी. तो कवच कशाला विरघळवेल? आता ऐका. हा माणूस आंबट खात नाही, तरी झोपून उठला की दात आंबलेले. मग आंबट येतं कुठून? पोटातून! आडवं झालं की आम्ल घशाशी येतं आणि वरच्या दातांच्या पाठीला लागतं. कवच मऊ पडतं, आणि नेमकं तेव्हाच मास्तर ब्रश घेऊन तुटून पडतात. आम्ल वर चढू नये म्हणून उशाकडे ठोकळे, जळजळ शमवायला पेल्यात सोडा. मास्तर, छातीत कधीपासून जळतंय?"

ताईच्या हातातला डबा तसाच राहिला.

"यांची आई असंच म्हणायची, जळतंय," मास्तर अखेर म्हणाले. "डॉक्टरकडे नेली आणि महिन्याभरात गेली. मला त्या दुखण्याचं नावच ऐकायचं नव्हतं. फार भीती वाटली."

"म्हणून मला चोर ठरू दिलंत, बाबा?" सून म्हणाली.

मास्तरांनी पेला उचलून पालथा घातला.

"प्रत्येक जळजळ तसली नसते," बाई म्हणाल्या. "पण तपासल्याशिवाय कळायचं कसं? गेलेलं कवच परत येत नाही, उरलेलं मात्र वाचवता येतं. उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास ब्रशला शिवू नका. दंतवैद्य फ्लोराइड लावेल, खड्डे भरून देईल. पण आधी पोट दाखवा. नाहीतर गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसाल."

वकिलांनी हळूच विचारलं, "म्हणजे गुन्हेगार कुणीच नाही?"



मास्तर उठले. दाराशी जाऊन सुनेची बॅग उचलली आणि आत न्यायला वळले.

"ती राहू द्या तिथेच," सून म्हणाली. "आधी चपला घाला. डॉक्टरकडे मी येते बरोबर. बॅगेचं काय ते आल्यावर बघू."