धावपट्टीच्या कडेचा माणूस

सिम्युलेटरचा हॉल म्हणजे खिडक्या नसलेली, गारठलेली खोली. मधोमध मोठी पांढरी पेटी, आत हुबेहूब कॉकपिट आणि काचेपलीकडे धावपट्टीचं चित्र. जमीन न सोडता विमान उडवायचं. वैमानिक व्हायला आलेल्या 'घोकंपट्टी'ला तिथे कधी भीती वाटली नव्हती. हे नाव तिला शिकवणाऱ्या कॅप्टननीच ठेवलेलं. उड्डाणाआधी तपासायची सगळी चेकलिस्ट ती झोपेतही म्हणेल, म्हणून.

पहिल्या परीक्षेत विमान वेग घेत असताना तिला कडेच्या गवतात एक माणूस दिसला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जीव तोडून हलवत होता. तिने ब्रेक दाबले.

"काय झालं?" शेजारच्या कॅप्टननी विचारलं.

"सर, तो माणूस..."

"कुठला माणूस?"

काचेपलीकडे नुसतं गवत होतं.

दुसऱ्या परीक्षेतही तेच. या वेळी तो इतका जवळ होता की शर्टाच्या दुमडलेल्या बाह्याही दिसल्या. सिम्युलेटर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने सगळं चित्र तिच्यासमोर धुंडाळलं. "मॅडम, यात दिवे आहेत, झाडं आहेत, इमारती आहेत. माणूस एकही नाही. कुणी घातलाच नाही."

कॅप्टननी तिला बाजूला घेतलं. "तुझ्यासारखा हात या बॅचमध्ये कुणाचा नाही. पण विनाकारण थांबणाऱ्याला पुढे कुणी पाठवत नाही. आता एकच संधी."

आई फोनवर म्हणाली, "जमेल गं. आणि नाहीच जमलं, तर घर कुठे पळून जातंय?" ते ऐकून तिला रडूच फुटलं.

तिसऱ्या वेळी तो ओरडत होता. आवाज येत नव्हता. तिने दात आवळले, नजर समोर रोखली आणि विमान उचललं. पास झाली.

आठवड्याने खरं विमान. सकाळचे सात. तिने सुकाणू मागेपुढे हलवून पाहिलं; सगळं ठीक. इंजिनं गरजली. वेगाचा काटा चढू लागला. अजून थांबता येण्याजोगा वेग होता.

गवतात तो उभा होता.

हात हलवत नव्हता. नुसता बघत होता. सांगून सांगून थकलेल्या माणसासारखा.

तिने ब्रेक दाबले.

विमान थरथरत थांबलं.  कॅप्टन हळूच म्हणाले, "काय करून बसलीस गं!"

असं थांबल्यावर विमान तपासावंच लागतं. मेकॅनिकने शेपटीचं झाकण उघडलं आणि तो तसाच वाकून राहिला.

"सर, नाक वर उचलणारी केबल एका तारेवर लोंबकळतेय. वर गेला असतात, तर..."

कॅप्टननी तिच्या खांद्यावर हात ठेवला. 

विमान ओढून नेल्यावर परतताना तिने त्या जागी गाडी थांबवायला लावली. सगळं गवत दवाने चिंब होतं. त्यात बुटांच्या आकाराच्या दोन कोरड्या जागा होत्या, शेजारी शेजारी, टोकं धावपट्टीकडे. तिथवर येताना गवत कुठेच तुडवलं गेलेलं नव्हतं.

"उपकार झाले तुमचे," ती पुटपुटली.

पलीकडे पुढच्या विद्यार्थ्याचं विमान धावपट्टीच्या टोकाशी येऊन उभं राहिलं.

तिच्या डोळ्यांदेखत त्या दोन पावलांच्या पुढ्यात तिसरं पाऊल कोरडं झालं.