तिसऱ्या गिअरवरचा शेंदूर

बसा. लाइट गेली की तासभर तरी येत नाही, आणि लाइटशिवाय तुमच्या जीपचं वेल्डिंग व्हायचं नाही. हा कंदील इथे ठेवतो. मघाशी त्या फळीवरची शेंदराची डबी बघून तुम्ही गालातल्या गालात हसलात, ते मी पाहिलं. ती डबी मारुतीसाठी नाही, कामाची आहे. मागच्या अॅक्सलमध्ये दोन दातेरी चाकं असतात, छोटं पिनियन आणि मोठं क्राउन. त्यांचे दाते एकमेकांवर नेमके कुठे टेकतात ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तेलात कालवलेला शेंदूर दात्यांना पातळ लावायचा आणि चाक हातानं फिरवायचं. जिथे टेकलं तिथला शेंदूर पुसला जातो. बाकी सगळे खोटं बोलतील, गिऱ्हाईक तर हमखास बोलेल, पण शेंदूर खोटं बोलत नाही.

सत्त्याण्णव साली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी झेंडू आणायला मखमलाबादला गेलो होतो. गॅरेजमधली हत्यारं दुसऱ्या दिवशी पुजायची, त्याला फुलं बाजारातून कशाला घ्यायची, थेट मळ्यातूनच आणू म्हटलं. तो मळा विमलाबाईंचा. त्या पाटीत फुलं भरत होत्या आणि मी उगाच इकडेतिकडे बघत होतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या गोण्यांच्या मागे, मला एक नाक दिसलं. लांब, रुंद, क्रोमचं. मी पाटी तिथेच ठेवली.

अमेरिकन गाडी. दोन दरवाजे, आठ सिलिंडर, स्टीअरिंग डावीकडे. अमेरिकेत असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मखमलाबादेत तिला इंपाला म्हणायचे, ती इंपाला नसूनही. आपल्याकडे लांब गाडी दिसली की ती इंपालाच. मी गोण्या बाजूला करून बॉनेट उघडलं. असलं इंजिन मी फक्त चित्रात पाहिलं होतं.

गाडी विमलाबाईंच्या मालकांची, मल्हारी यांची. गडी मळ्यातला, पण हात कारागिराचा. या गाडीला मुळात आपोआप बदलणारा गिअरबॉक्स होता. तो यांनी काढून टाकला, चार गिअरचा हातानं टाकायचा बसवला, आणि त्याला जुळेल असा मागचा अॅक्सल शोधून घातला. मग मागच्या सीटवर गुलाबाच्या पाट्या रचून हा माणूस पहाटे कसारा घाट उतरून दादरला जायचा. अमेरिकन मसल कारमध्ये नाशिकचा गुलाब! मला तो माणूस न बघताच आवडला.

मी गाडी पाहिली त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी ते त्याच घाटात गेले. पाणपोईच्या वळणावर गाडी मागच्या बाजूनं कठड्यावर आदळली. पोलिसांनी पाहिलं तेव्हा गिअर न्यूट्रलला होता. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं की पेट्रोल वाचवायला मल्हारीनं उतारावर गाडी न्यूट्रल केली आणि स्वतःच्या मरणाला कवटाळलं. दीर-जावा तेव्हाही घरात तेच बोलायचे, पोरीच्या सोयरिकीच्या वेळी व्याह्यांनीही तेच काढलं. विमलाबाईंनी हे मला फुलं मोजता मोजता सांगितलं, आणि मग हात थांबवला.

“ज्ञानेशभाऊ, आमचे मालक लय कायबी करायचे, पण उतारावर गाडी मोकळी सोडणारा माणूस नव्हता तो. गिअर आपोआप उडतो का, तेवढं मला बघायचंय. त्याच घाटात.”

बाई अडाणी नव्हती, बरं का. झिजलेला गिअर उतारावर खरंच उडतो, म्हणजे आपोआप न्यूट्रलला सटकतो, कारण उतारावर चाकं इंजिनाला ढकलत असतात आणि सगळा ताण उलटा येतो. पण तो ताण किती, हे मागच्या अॅक्सलवर ठरतं. म्हणजे गाडी त्या दिवशी जशी होती तशीच जुळवायला हवी. आणि नेमकं तेच कुणाला माहीत नव्हतं. अपघातात मागचा भाग चेपला, तेव्हा कुणा नातेवाइकानं ओढकामासाठी भलतेच दाते घालून ठेवले होते. पिनियनला नऊ, क्राउनला एक्केचाळीस. ट्रकला शोभेल असा अॅक्सल. पहिला गिअर टाकावा तोवर संपायचा, आणि वाडिवऱ्ह्याच्या सपाट रस्त्यावर चौथ्यातसुद्धा इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायचं. एवढं सुंदर जनावर आणि त्याला असं पळवायचं, माझा संताप व्हायचा.

गिअरबॉक्स मी पूर्ण उघडला. एक दाता झिजलेला नाही, एक स्प्रिंग सैल नाही. असा जपलेला बॉक्स मी आजवर पाहिला नाही. हा गिअर उडणं शक्यच नव्हतं. म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं, आणि हे आता मला त्या बाईला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, आधी जुळणी तर करू.

पहिल्यांदा मी एकटाच गाडी घेऊन घाटात गेलो, भर दुपारी. उतरताना रस्ता ट्रकनं भरलेला, मी रांगेत हळू हळू उतरलो, काही झालं नाही. चढताना मात्र रस्ता मोकळा मिळाला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं, मी तिसरा टाकायला दांडा ढकलला. दांडा हलेना. जोर लावला, तरी नाही. वेगाचा काटा चढत गेला, आणि बरोबर ताशी चाळीस मैलांवर दांडा माझ्या हातात सैल झाला आणि लोण्यातून जावा तसा तिसऱ्यात गेला. मी परत येऊन बॉक्स पुन्हा उघडला. काही नाही. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. चाळीसच्या आधी हलायचं नाव नाही. आणि एक गोष्ट तेव्हा मी स्वतःलाही धड सांगितली नव्हती, ती म्हणजे दांड्याची मूठ कोमट होती. कुणीतरी नुकताच हात काढून घ्यावा तशी.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण जुळणीवर आहे. मी रात्रभर एकच विचार करत पडलो, की दुसऱ्या गिअरमध्ये चाळीस मैलांपर्यंत थांबणं कुठल्या अॅक्सलला शोभेल? हिशेब केला. पिनियनला तेरा आणि क्राउनला त्रेचाळीस. एवढ्या वेगाला इंजिन बरोबर त्याच्या ताकदीच्या मधोमध बोलत असेल, आणि तिसरा पडला की घाट एका दमात चढेल. वर असे आकडे, की एकच दाता सारखा त्याच दात्याला भेटत नाही. सगळ्यांना भेटून मगच परत येतो, म्हणून झीज सारखी. हे निवडणारा माणूस वेडा नव्हता. मी अंथरुणात उठून बसलो आणि त्याला मनातल्या मनात हात जोडले. उतारावर गाडी मोकळी सोडणाऱ्याचं हे डोकं नव्हे, हे मलाही तेव्हाच पटलं.

ती जोडी मिळायला कुर्ल्याच्या भंगारबाजारात किती खेपा घातल्या ते विचारू नका. काम पुरं व्हायला पुढचा श्रावण उजाडला. शेंदूर लावून दाते फिरवले, तर खूण दात्याच्या बरोबर मधोमध. मी मशीद-मंदिर दोन्हीकडे जात नाही, पण त्या दिवशी पेढे वाटले.

विमलाबाई ठरल्याप्रमाणे सकाळी आल्या. मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. “काकू, बॉक्स धडधाकट आहे. गिअर आपोआप उडणार नाही. जाऊन काही उपयोग नाही.”

त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि गाडीचं दार उघडलं. मग म्हणाल्या, “तरीबी चला.”

तेव्हा मी एक गोष्ट केली. दांड्याच्या मुठीला तोच तेलातला शेंदूर पातळ लावला. म्हटलं, गिअर यंत्राच्या चुकीनं उडाला तर मूठ जशीच्या तशी राहील. हात लागला तरच खूण उमटेल.

घोटीपर्यंत गाडी इतकी सुरेख चालली की मी कशासाठी निघालोय ते विसरलो. भातखाचरं दोन्हीकडे हिरवीगार, आणि इंजिनाची ती खालच्या पट्टीतली गुणगुण. विमलाबाईंनी डोळे मिटले होते. “हाच आवाज,” एवढंच त्या म्हणाल्या. इगतपुरी सोडली आणि धुकं उतरलं. घाटनदेवीपाशी त्यांनी गाडीतूनच हात जोडले आणि नारळ मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मालक नेहमी खाली सुखरूप पोचल्यावर फोडायचे, म्हणाल्या.

मूठ रुमालानं धरून मी गाडी तिसऱ्यात टाकली, शेंदूर पुन्हा सारखा केला, आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील, पण धुक्यात हेडलाइटच्या पुढचं हातभर दिसत नव्हतं. खालून कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. इंजिन गाडीला धरून होतं, ब्रेकला पायसुद्धा लावावा लागत नव्हता. मग पाणपोईचं वळण आलं. पाणपोईची पडकी भिंत धुक्यातून पुढे आली आणि गाडीत एकदम ओल्या, बंद विहिरीचा वास भरला.

दांडा थरथरला. आणि सावकाश, कुणीतरी चोरून ओढावा तसा, तिसऱ्यातून बाहेर आला...

इंजिनाचा आवाज बसला. गाडी हलकी झाली आणि सुटली. मी ब्रेक दाबला, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकायला लागली. कठडा आमच्याकडे येत होता. दांड्याकडे हात नेण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि मी ते लपवत नाही.

तेवढ्यात, माझा पाय ब्रेकवर असताना, ॲक्सिलरेटर आपोआप दबला. इंजिन चढलं, हवं तेवढंच, केसभर कमी नाही की जास्त नाही, आणि दांडा क्लचशिवाय तिसऱ्यात गेला. दात्याला दाता लागल्याचा आवाजसुद्धा नाही. गाडी धरली गेली. मी इतकी वर्षं गाड्या चालवतोय, सुटलेल्या गाडीला उतारावर असा गिअर घालणं मला जमलेलं नाही, आणि जमणारही नाही.

दांडा पुन्हा बाहेर ओढला गेला... पुन्हा आत गेला. या वेळी तो आत जाऊन तिथेच दाबून धरलेला दिसला, कारण थरथरत होता, पण हलत नव्हता. वळण संपेपर्यंत.

विमलाबाई दांड्याकडे बघत होत्या. नारळ तसाच, दोन्ही हातांत.

“ते घालत होते,” त्या हळूच म्हणाल्या. “बघितलं ना तुम्ही... ते काढत नव्हते. ते घालत होते.”

कसाऱ्याला चहाच्या टपरीपाशी मी गाडी थांबवली. बाई खाली उतरल्या, नारळ फोडला आणि टपरीवाल्याला, ट्रकवाल्यांना, दिसेल त्याला खोबरं वाटत सुटल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. परत येऊन त्यांनी मुठीकडे पाहिलं. वरच्या बाजूला, चालवणाऱ्याच्या बाजूनं टेकलेल्या उजव्या तळव्याची खूण होती, आणि तर्जनीचं पेर नव्हतं. मालकांचं ते पेर इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलेलं, त्या म्हणाल्या. त्यांनी त्या खुणेवर हात ठेवला आणि किती तरी वेळ ठेवला. नंतर दीर-जावांना त्यांनी काय ऐकवलं ते मखमलाबादेत अजून सांगतात. आता मल्हारींचं नाव त्या घरात मानानं घेतात, आणि लेक दीपमाला बापाची ही गाडी दर दसऱ्याला झेंडू घालून बाहेर काढते. मी फक्त एवढंच सांगून ठेवलंय, की घाटात न्यायची नाही. का, ते सांगितलेलं नाही.

कारण दुसरी खूण विमलाबाईंच्या तळव्याखाली होती आणि त्यांना दिसली नाही. मुठीच्या मानेभोवती चार बारीक बोटं. ती ना माझ्या बाजूनं आलेली होती, ना त्यांच्या. ती खालून वर आलेली होती, दांडा ओढणाऱ्याची. मी ती तिथेच पुसली. पण गॅरेजला आल्यावर दांड्याच्या बुडाचं रबर सोडवलं. त्याच्या खाली नुसतं भोक असतं, आणि भोकाखाली रस्ता.

रबराच्या आतल्या अंगाला शेंदूर लागला होता.