वरच्या मजल्याचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

हैदराबादेत विद्यानगरला माझ्या मामांचं, आबासाहेबांचं, दुमजली घर आहे. तिथली, गेल्या उन्हाळ्यातली. रात्रीची नाही... भर दुपारची.

वरच्या मजल्यावर तारामतीकाकू भाड्यानं राहायच्या. एकट्याच. मामी गेली तेव्हा मामेभाऊ हर्षवर्धन अगदी लहान होता. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, सगळं काकूंनीच केलं.

तोच हर्षा मोठा झाला आणि घर बिल्डरला द्यायचं म्हणू लागला.

काकू म्हणाल्या, "दुसरी जागा मिळू दे रे. लगेच जाते."

त्याला धीर नव्हता.

मामांनी बजावलं, "भाडेकरूला असं काढता येत नाही. रीतसर नोटीस द्यावी लागते, वेळ पडली तर कोर्टात जावं लागतं. आणि पाणी, लाईट तोडायचं तर मनातही आणू नको. कायद्यात बसत नाही."

"हौ बाबा, माहीत आहे," हर्षा म्हणाला.

मग मामा लग्नाला लातूरला गेले...

आणि हर्षानं वरच्या मजल्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला.

काकू भांडल्या नाहीत. अंगणातल्या नळावर बादली भरायच्या आणि जिना चढायच्या. कंटाळून जातील, असं त्याला वाटलं.

एका दुपारी बादली गडगडत खाली आली.

मागोमाग काकू.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मामा परत आले. चपलाही न काढता त्यांनी आधी तो व्हॉल्व्ह उघडला. मग तिथेच खाली बसून रडले.

तेराव्यानंतर मी मामांकडेच राहिले होते. एका दुपारी लाईट गेलेली. कूलर बंद. घर एकदम शांत.

आणि...

खण्... खण्...

बादलीची कडी.

जिन्यावर एक पाऊल. दम खाल्ल्याचा आवाज. मग दुसरं.

मामा डोळे मिटून बसले होते. हळूच म्हणाले, "तुलाही ऐकू आलं ना?"

मी दार उघडलं.

कुणीच नव्हतं. पायऱ्या मात्र ओल्या... आणि ती ओल माझ्यादेखत एकेक पायरी वर चढत होती.

समोरच्या भाग्यलक्ष्मी आंटींनीही ऐकलं. कामवालीनं ऐकलं आणि काम सोडलं.

फक्त हर्षाला काही ऐकू येत नव्हतं.

तो रोज दुपारी जिन्यावर येऊन बसू लागला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"ताई, तिनं मला शिव्या द्याव्यात गं. भीती घालावी. काहीतरी करावं. माझ्याकडे ती येतच नाही."

मी दारात उभी होते.

तेवढ्यात खालून...

खण्... खण्...

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आली?"

मी मान डोलावली.

आवाज त्याच्या खालच्या पायरीवर थांबला. बादली टेकली. कुणीतरी धापा टाकत होतं. मग स्पष्ट, त्याच मायेच्या आवाजात...

"हर्षा, सरक रे बाळा जरा. पाणी सांडेल."



"काय म्हणाली? ताई, काय म्हणाली?"

मी सांगितलं.

तो भिंतीला चिकटला. हात पुढे करून रडत म्हणाला, "दे इकडे, काकू. मी नेतो."

हात तसाच राहिला.

खण्... आवाज त्याच्या शेजारून वर निघून गेला.

त्यानं पायरीवर तळवा दाबला. मला ती पायरी चिंब ओली दिसत होती.

त्यानं हात उचलून माझ्यापुढे धरला.

कोरडा.

वरचा मजला अजून रिकामा आहे. हर्षा अजून तिथे बसतो, भिंतीकडे सरकून, वाट मोकळी ठेवून. त्यालाच का ऐकू येत नाही, कळत नाही.

आणि एखाद्या दुपारी त्याला ऐकू आलंच, तर...?

मी हल्ली तिथून सकाळीच निघते.