ओढला, बसला

रविवारी चितेगावच्या कारखान्यांकडं चिटपाखरू फिरकत नाही. आठवडाभर भोंगे वाजवून कान किटवणारे कारखाने त्या दिवशी पाय पसरून झोपलेले असतात. कारभारीनं मुद्दाम रविवार धरला होता. काम तसं थोडं होतं. इंजिनात चार कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनच्या दांड्या, चढवायचे, त्यांचे आठ बोल्ट आवळायचे आणि जेवायला घरी जायचं. सकाळी शहरात जाऊन त्यानं त्यासाठी चांगलं तेल आणलं होतं, येताना किलोभर मोसंबी घेतली होती, आणि शेडचं शटर वर ढकलताना तो चक्क गुणगुणत होता. भ्यालेला माणूस गुणगुणतो, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं.

शेडच्या कोपऱ्यात ती लाल गाडी उभी होती, ड्रायव्हरच्या बाजूनं चेपलेली. दिसायला साधी, चार माणसं बसतात तशी. पण तिच्या इंजिनावर कारभारीच्या भागीदारानं, श्रीनिवासनं, सुपरचार्जर बसवला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंजिन आपण होऊन जेवढा श्वास घेईल, त्याच्या दीडपट हवा तो त्याच्या नरड्यात कोंबतो. गाडी मग वाऱ्याशी शर्यत लावते आणि जाताना बारीक शीळ घालते. पण इंजिनाला एवढं खायला घातलं की त्याच्या हाडांवर ताण येतो. एक सांधा जरी ढिला असला, तरी ते माफ करत नाही.

शेड दोघांची होती. कारभारी देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याचा मुलगा. श्रीनिवास गुलमंडीवरच्या भिक्षुकांच्या घरातला, त्याचे आजोबा गावभर सत्यनारायण सांगत फिरायचे. एकाला मटणाशिवाय सणवार गोड लागायचा नाही, दुसऱ्याला तूप-भाताशिवाय. तरी त्यांचं असं मेतकूट जमलं होतं की दोघांच्याही बायका कधीकधी वैतागायच्या. इंजिन बांधायची त्यांची एक रीत होती. कारभारीनं पान्यानं बोल्ट आवळायचा. तो पाना शहाणा असतो, ठरवलेला जोर पोचला की हातात टक करतो. टक झालं की कारभारीनं म्हणायचं, "ओढला." मग श्रीनिवासनं बॅटरी मारून, सांध्यावरून बोट फिरवून बघायचं आणि म्हणायचं, "बसला." ही ओ आल्याशिवाय पुढच्या बोल्टाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईकं हसायची, म्हणायची, "आरती कुठवर आली?"

रीत चांगलीच होती. पण रोजच्या रीतीत एक खोड असते. ती तोंडाला इतकी पाठ होते, की तोंड हाताची वाट बघत नाही.

मागच्या वैशाखात श्रीनिवास ती गाडी घेऊन पैठण रोडला चाचणीला गेला. वेगात असताना एक रॉड सुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. उकळतं तेल गाडीच्याच चाकांखाली सांडलं, गाडी आडवी घसरली आणि नेमकी त्याच्या दाराच्या बाजूनं पुलाच्या कठड्यावर आदळली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

महिन्याभरानं कारभारीनं ते फुटकं इंजिन उघडलं. खालच्या तेलाच्या भांड्यात चुऱ्यात एक बोल्ट पडला होता. अख्खा. त्याचे आटे जसेच्या तसे होते. तुटलेला बोल्ट तुटलेला दिसतो. हा तुटला नव्हता, सुटला होता.

तो बोल्ट कारभारीनं कुणाला दाखवला नाही. बायकोलाही नाही. रात्री छताकडं बघत तो इंजिन बांधलं तो दिवस परत परत आठवायचा. दोघं कशावर तरी हसत होते, कुणीतरी दारात येऊन पत्ता विचारत होतं. आठ वेळा तो "ओढला" म्हणाला, आठ वेळा श्रीनिवास "बसला" म्हणाला, हे त्याला पक्कं आठवायचं. पण टक? टक आठव्यांदा झालं होतं का? ते काही केल्या आठवायचं नाही. आपल्या हातानं आपला मित्र मारला की काय, एवढाच प्रश्न होता, आणि तो वर्षभर त्याला आतून कुरतडत होता.

अशात श्रीनिवासची आई शेडवर आली. भानुमतीकाकू शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर उभ्या राहिल्या की अजूनही गृहपाठ केला नसल्यासारखं वाटायचं. त्या गाडीकडं बघत म्हणाल्या, "कारभारी, हिचं इंजिन पुन्हा बांधून दे."

"काकू, मोडीत घालू द्या ना आता. कशाला..."

"नको. त्याच्या जिवाला ते लागून राहिलं आहे रे."

म्हातारी माणसं बोलतात तसं काहीतरी, असं कारभारीला वाटलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? त्यानं दुसऱ्या गाडीचं, भिंत शाबूत असलेलं इंजिन शोधलं, नवे रॉड मागवले, पिस्टन मागवले, सगळं धुऊन पुसून मांडून ठेवलं. आणि त्या आठ बोल्टांपाशी येऊन त्याचं काम अडलं. आज उद्या करत उन्हाळा अर्धा गेला.

तर तो हा रविवार.

दुपार रणरणत होती. इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. कारभारीनं बोटांनी रॉडच्या बुडाच्या अर्धगोल टोप्या बसवल्या, बोल्ट हातानं फिरवून आत घातले. पाना उचलला आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. रस्त्यावरही त्या घटकेला एकही ट्रक नव्हता. उन्हानं तापलेले छताचे पत्रे मधूनच तडतडत होते, बाकी सगळं गप्प.

पहिला बोल्ट. टक.

"ओढला," त्याचं तोंड म्हणालं. मग तो ओशाळला आणि पुढच्या बोल्टाकडं वळला.

टक. "ओढला."

"बसला."

पत्रा असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पत्रे तापले की काय काय बोलतात. तो मागं वळला नाही. घाम पुसायच्या निमित्तानं थोडा थांबला, मग तिसऱ्या बोल्टाला पाना लावला. टक. ह्या वेळी त्यानं शब्द अगदी हळू, जवळजवळ ओठांतच म्हटला.

"...ओढला."

"बसला."

पत्र्याला इतकं स्वच्छ मराठी येत नाही. आवाज हातभर अंतरावरून आला होता, डाव्या खांद्याच्या मागून, श्रीनिवास उभा राहायचा तिथून. आणि वर्षभर जळक्या तेलानं कोंदलेल्या त्या शेडमध्ये आता गरम भाताचा, नुकत्या वाढलेल्या तुपाचा वास येत होता. कारभारीच्या अंगावर सरसरून काटा आला. शटर उघडं होतं. बाहेर पांढरं ऊन होतं. पळायला दहा पावलंही लागली नसती. पण हातातलं काम अर्धवट टाकून पळायची सवय त्या हातांना नव्हती, आणि खरं सांगायचं तर पळण्याहून मोठी ओढ त्याला तिथं धरून होती. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी ओ देत होतं.

चौथा बसला.

पाचव्याला टक झालं. "ओढला." तो थांबला. ओ आली नाही.

"ओढला..." त्यानं पुन्हा म्हटलं.

काहीच नाही. मागं कुणीतरी श्वास धरून उभं असावं, तशी ती शांतता होती. कारभारीनं बोल्ट सोडला, टोपी काढली आणि उजेडाकडं धरली. बेअरिंगच्या पाठीमागं पुसायच्या फडक्याचा एक धागा अडकला होता. बारीक, केसाएवढा. तेवढ्या धाग्यानं हे इंजिनही फुटलं असतं. त्यानं धागा काढला, सगळं पुसलं, परत बसवलं, परत आवळलं. टक नीट झालं.

"ओढला."

"बसला."

सहावा झाला, सातवाही झाला. आठव्या बोल्टाला त्यानं पाना लावला आणि हात जागच्या जागी थिजला. ओढवेना. वर्षभर छातीत धरलेलं एकदम बाहेर पडलं.

"श्रीन्या... त्या दिशी म्या ह्यो ओढलाच नव्हता का रे? खरं सांग. म्याच मारलं का तुला?"

पत्रा तडतडला. दारातून धुळीची एक भिरभिर आत आली आणि बसली. मग अगदी कानापाशी, घरात कुणी झोपलेलं असताना बोलावं तशा आवाजात, शब्द आले.

"कारभाऱ्या... मी बघितलंच नव्हतं रे."

कारभारीला हुंदका फुटला. तसाच डोळे गच्च मिटून त्यानं पाना ओढला. टक. त्याला "ओढला" म्हणताही आलं नाही. तरी ओ आली.

लाइट आली तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता. पंखा फिरत होता आणि शेडमध्ये कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या दिवसांत त्यानं बाकीचं इंजिन बांधलं. वरचा भाग बसवला, सुपरचार्जर चढवला, पट्टा ताणला. प्रत्येक बोल्टाला तो "ओढला" म्हणायचा आणि थांबायचा. आधी भीतभीत, मग आशेनं. एकदाही ओ आली नाही. भाताचा वासही आला नाही. चला, सुटला बिचारा, असं म्हणून कारभारीनं उदबत्ती लावली आणि काकूंना निरोप धाडला.

काकू आल्या त्या फकिराच्या रिक्षातून. फकिरा बाहेर रिक्षा लावून तंबाखू मळत बसला. कारभारीनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा धरलं, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती बारीक शीळ शेडभर घुमली. काकू हाताची घडी घालून ऐकत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

कारभारीनं इंजिन बंद केलं. मग खिशातून तो अख्खा बोल्ट काढला आणि त्यांच्यापुढं धरला. सगळं सांगितलं. फक्त रविवारचं नाही सांगितलं.

काकूंनी बोल्ट हातात घेऊन नीट बघितला. "आणि आता? नीट ओढलास का सगळे?"

"व्हय काकू. आठीच्या आठी."

"झालं तर मग. चूक सुधारली की पानावर शेरा उरत नाही." त्यांनी बोल्ट त्याच्या हातात परत दिला आणि त्याची मूठ मिटली. त्या खरखरीत हातांच्या स्पर्शानं कारभारीला इतकं हलकं वाटलं, की तो लहान पोरासारखा मनगटानं नाक पुसू लागला.

काकू मात्र गेल्या नाहीत. त्यांनी शेडमध्ये इकडंतिकडं बघितलं.

"एक विचारू का, कारभारी? तो तुझ्याकडंच आहे ना?"

"कोण, काकू?"

"श्रीनिवास." त्या अगदी साधेपणानं बोलत होत्या. "गेल्यापासून रोज दुपारी येऊन पाटावर बसायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही. नुसता ताटाकडं बघत बसायचा. म्हणून तर तुझ्याकडं आले होते. मागच्या रविवारी भात वाढला, वर तूप घातलं, आणि काहीतरी ऐकू आल्यासारखा उठून गेला. तो आलाच नाही बघ. ताट रोज वाढते आहे. म्हटलं, इकडंच राहिला असेल."

आपण मोकळे झालो, श्रीन्या मोकळा झाला. पण ह्या बाईचं काय? एकदा गेलेलं पोर तिच्या पाटावरून आपण दुसऱ्यांदा उठवलं. तो सुटला, आता येणार नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याला सांगवेना.

"हाय की काकू," तो म्हणाला. "माझ्याकडंच हाय. कुठं जातोय त्यो? काम लई निघालं ना, म्हणून..."

खोटं बोलताना माणूस जमिनीकडं बघतो, तसा तो बघत होता. मग त्यानं मान वर केली. त्या त्याच्याकडं बघतच नव्हत्या. त्याच्या डाव्या खांद्यावरून मागं बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"किती वाळलास रे," त्या म्हणाल्या. "चल. घरी चल आधी."

कारभारीनं मागं वळून बघितलं नाही. त्याची छातीच झाली नाही. काकू दाराकडं निघाल्या, आणि त्याच्या दंडाजवळून गार वारा सरकत गेल्यासारखं त्याला वाटलं. बाहेर फकिरानं तंबाखूची गोळी गालात धरली आणि रिक्षा सुरू केली. काकू आत चढल्या, सरकत सरकत उजव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि शेजारची सीट त्यांनी पदरानं झटकली.

"चलूं क्या काकू?" फकिरानं विचारलं.

"थांब जरा." मग थोड्या वेळानं, "हं. चल आता."

फकिरा आरशात स्वतःच्या मिशा बघत होता, त्याला काही दिसलं नाही. कारभारीचा जन्म मात्र गाड्यांखाली गेलेला. काकू बसल्या तेव्हा रिक्षा उजव्या चाकावर थोडी दबली होती. पंचेचाळीस किलोची म्हातारी, दबणार ती किती? मग त्या "थांब" म्हणाल्या, आणि डाव्या बाजूची स्प्रिंग चांगली चार बोटं खाली गेली, पायरीवर पाय ठेवून दांडगा माणूस चढावा तशी.

रिक्षा धूळ उडवत पैठण रोडला लागली. खड्डा आला, उजवं चाक उडालं. डावं रस्त्याला चिकटून गेलं.